काथ्या कुटणारी मोगरी

मी एक जुनी लाकडी मोगरी आहे. वायफळ बडबडीला तुम्ही हसत ‘काथ्याकूट’ म्हणता ना, मित्रांनो? तो खराखुरा काथ्याकूट मी अंदमानच्या तुरुंगात केला आहे.

तिथल्याच झाडाची मी. मला एका राजबंद्याच्या हाती दिले. नारळाची सोडणे दिवसभर कुटायची आणि काथ्या कमी भरला तर हातकड्या घालून भिंतीशी उभे राहायचे. त्याचे तळवे फुटत, माझी मूठ ओली होई. शेजारच्याशी बोलायला बंदी होती. त्याला हाक मारायची ती नंबरानेच. एकदा त्याने माझ्या मुठीवर खिळ्याने आपले नाव कोरले. पहारेकऱ्याला वाचता येऊ नये म्हणून मोडी लिपीत कोरले. पुढे तो मला दिसला नाही. मी मात्र एका साहेबाच्या पेटीतून विलायतेला आले.

मग मेडनहेडच्या गॅरेजमध्ये कित्येक वर्षे धूळ खाल्ली. दोन हजार सहा साली कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, तिथेच राहणाऱ्या वैजयंतीने मला उचलले आणि नवऱ्याला दाखवले.

“हरीश, बघ ना! आपल्याकडे कपडे धुवायला असते, सेम तशी मोगरी!”

मला केवढा आनंद झाला! मराठी माणसे! आता तरी त्याचे नाव कोणी वाचेल, असे वाटले.

खंडेनवमी आली. पूजेला अवजारे लखलखीत हवीत. हरीशने ड्रिल पुसले, लॅपटॉप पुसला आणि मला सॅण्डपेपरने घासायला घेतले. “किती स्क्रॅचेस आहेत हिच्यावर!” म्हणत तो घासतच राहिला. मला ओरडता आले असते तर!

संध्याकाळी बर्मिंगहॅमहून त्याचे वडील, मुरलीधरराव आले. त्यांनी लहानपणी मोडी गिरवली होती. नात तनिषा त्यांना म्हणाली, “आजोबा, इथे कर्ली रायटिंग होता. एका लाइनवरून सगळं हँग होत होतं.”

आजोबा दचकले. “अरे हरीश, ती मोडी असणार! काय लिहिलं होतं?”

“बाबा, मला वाटलं, नुसतेच स्क्रॅचेस आहेत.”

तनिषाने आठवून पाहिले. कागदावर एक आडवी रेघ काढली, खाली एक वळण काढले आणि पेन्सिल ठेवून दिली. आजोबांनी माझ्या गुळगुळीत मुठीवरून बोटे फिरवली. चष्मा पुसून पुन्हा फिरवली.

मग मला हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला. ज्याचे हात मी फोडले त्याला मात्र फूल मिळाले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू घासण्याआधी घरातले म्हातारे माणूस येईपर्यंत तरी थांबा. त्या राजबंद्याचे नाव मला विचारू नका. लाकडाला वाचता येत नाही, आणि तिथे त्याला नावाने हाक मारलेली मी एकदाही ऐकली नाही.