ॲडमिन रिसालदार

नागोजीराव वीजखात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, पण म्हैसूरच्या अग्रहारात कोणी त्यांना हेडक्लार्क म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्यांचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात रिसालदार होते, म्हणून हेही रिसालदार. स्वतः नागोजीरावांनी घोडा पाहिला तो दसऱ्याच्या मिरवणुकीत, तोही कठड्याच्या अलीकडून.

असल्या सगळ्या घराण्यांचा मिळून ‘म्हैसूर मराठा शिलेदार बांधव’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. माणसं दोनशे चौदा. ॲडमिन कोण, हे पणजोबांच्या हुद्द्यावरून ठरलेलं. ज्याचे पणजोबा रिसालदार तो पहिला ॲडमिन, जमादार तो दुसरा, आणि दफेदारांच्या घरच्यांनी नुसतं वाचायचं आणि जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचं. एका रविवारी देवळाच्या ओसरीवर घोडदळाची जुनी यादी उघडून ही वाटणी झाली, आणि जमलेल्या एकाही शहाण्याला हसू फुटलं नाही. वनजा तेवढी हसली होती, तीसुद्धा घरी, कुकरची शिट्टी होताना.

वनजा नागोजीरावांची बायको. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. खरा ॲडमिन म्हणाल तर तीच, कारण नागोजीराव फोनला बोट लावत नसत. “रिसालदार लिहीत नाही, सांगतो,” असं म्हणून ते आरामखुर्चीत डोळे मिटून सांगत, आणि ही टाइप करी. कोणाचा मेसेज पुसायचा तेही ते सांगत, ही पुसे. मुलांच्या वह्यांवर लाल रेघ मारण्याची सवय होती, त्यात हे काय जड? खरं म्हणजे तिला त्यात थोडी मजाही येई, आणि ती मजा पुढे तिला फार महाग पडली.

तिकडे इस्रायल आणि इराणचं जुंपलं आणि इकडे अग्रहारात नागोजीरावांच्या अंगात आलं. पहिल्या महायुद्धात म्हैसूरचं घोडदळ पार हैफापर्यंत गेलं होतं, हे खरं. त्यावरून नागोजीरावांनी अशी समजूत करून घेतली, की हैफा हा आपल्या घरचा विषय आहे. सकाळच्या कॉफीनंतर ते युद्धाचा आढावा सांगत आणि शेवटी हुकूम सोडत: “मित्रराष्ट्राविरुद्ध कोणी लिहू नये. आज्ञेवरून.” मित्रराष्ट्राला या आज्ञेची खबर नव्हती, पण त्याने कोणाचं अडत नव्हतं.

समोरची बाजू अंबाजीरावांनी घेतली. हे नागोजीरावांचे भाऊबंद, राहायला बोगादीच्या नव्या वस्तीत, घराणं दफेदारांचं. इराणशी त्यांचा संबंध बदामापुरता. पण नागोजीरावांनी इस्रायल आधीच घेतलेलं असल्यामुळे इराण त्यांच्या वाट्याला आलं, आणि एकदा आलं म्हटल्यावर ते त्याच्यासाठी जीव द्यायला तयार झाले. जगाचं तेल कुठून जातं, यावर चार-चार मिनिटांचे आवाजी मेसेज पाठवू लागले. दोनशे बारा माणसं मुकाट्याने ऐकत किंवा न ऐकता पुढे जात.

एका दुपारी अंबाजीरावांनी लिहिलं, “हैफाची लढाई झाली तेव्हा यांचे पणजोबा रिसालदारसाहेब ताप येऊन दवाखान्यात पडून होते. आमच्या आईने तिच्या सासऱ्याच्या तोंडून ऐकलंय. विचारा कोणीही.”

नागोजीराव खुर्चीतून ताडकन उठले. “पूस! आत्ताच्या आत्ता पूस. आणि त्याला ग्रुपातून काढून टाक. साकु! पुरे झालं याचं.”

वनजाचं बोट थांबलं. त्या घरात वरलक्ष्मक्का होत्या, अंबाजीरावांची आई, नव्वदीच्या पुढच्या, महिनाभर अंथरुणावर. वनजा एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या गोतावळ्यात आली तेव्हा सासूच्या तोंडाच्या पट्ट्यातून तिला वाचवलं ते अक्कांनी. या घराण्यांत एक रीत होती: कोणी गेलं की पहिली शाल रिसालदारांच्या घरची पडायची, त्याशिवाय तिरडी उचलायची नाही. आणि मरणाचा निरोप रिसालदारांना एकट्याला द्यायचा नाही, चारचौघांसमोर सांगायचा. पूर्वी तो देवळासमोर सांगत, आता ग्रुपवर. मागच्या भेटीत अक्का तिचा हात धरून म्हणाल्या होत्या, “माझ्यावर शाल तूच घाल गं. त्याला नको पाठवू. तो तिथं भाषण करेल.” वनजाने शब्द दिला होता. भांडण पेटल्यापासून अंबाजीरावांची बायको सौम्या वनजाचा फोन कापत होती, एकदा नव्हे दोनदा. निरोप येणार तो ग्रुपवरच.

“अय्यो, काढू नका हो,” ती म्हणाली. “अक्का बऱ्या नाहीत ना. काढलं तर कळायचं कसं? तो राहू दे. त्याचं जे येईल ते मी पुसत जाते.”

“एकूण एक?”

“एकूण एक.”

असा तह झाला. वनजा शब्दाची पक्की. अंबाजीरावांचं लिहिलेलं आधी वाचायचं, त्यात अक्कांचं काही नाही ना बघायचं, मग पुसायचं. आवाजी मेसेज मात्र ती ऐकत नसे. चार मिनिटं तेलाच्या जहाजांवर कोण घालवणार? त्रिकोण दिसला की पूस, एवढं साधं गणित.

गुरुवारी सकाळी साडेसहाला अंबाजीरावांचा आवाजी मेसेज आला. दूध उतू जायला आलं होतं. वनजाने एका हाताने गॅस बारीक केला आणि दुसऱ्या हाताने मेसेज पुसला.

पावणेबाराला पद्मनाभचा फोन आला. हा जमादारांच्या घरचा, ग्रुपचा दुसरा ॲडमिन, अग्रहारातच त्याचं औषधाचं दुकान. या दोघांना तो दोड्डम्मा-दोड्डप्पा म्हणे, म्हणजे थोरली काकू आणि थोरले काका.

“दोड्डम्मा, निघालात ना?” त्याने हळू आवाजात विचारलं. “सगळे तुमच्यासाठीच थांबलेत इथं.”

“कुठं रे?”

तो माणसांतून बाजूला सरकला. मग म्हणाला, “बोगादीला. वरलक्ष्मक्का पहाटे गेल्या. अंबाजीरावांनी सकाळी सांगितलं ना ग्रुपवर. रडत होते, लिहायला जमेना, म्हणून आवाजात. मी ऐकलं आणि पाच मिनिटांत तो पुसला गेला. तिथं तुमच्या यजमानांचं नाव आलंय, ॲडमिनने पुसला म्हणून. ते बघून अंबाजीरावांनी परत टाकला नाही, बाकीच्यांनीही ग्रुपवर काही न लिहिता एकमेकांना फोनवरच कळवलं. पण अक्का सांगून गेल्यात, शाल वनजाच्या हातची. म्हणून थांबलेत.”

वनजाला स्वतःच्या बोटांची किळस आली. ती धावत बाहेरच्या खोलीत गेली. “अहो, अक्का गेल्या. शाल काढा. रिक्षा बोलावते.”

नागोजीराव गंभीर झाले. दुःखाने म्हणावं तर तसं नव्हे. इतके दिवस खाली बघायला लावणाऱ्या माणसाच्या दारात आता सगळ्यांदेखत मानाने जायचं होतं. “असं सुम्ने, नुसतं उठून जाता येत नाही,” ते म्हणाले. “फेटा बांधायला हवा. बंद गळ्याचा कोट कुठाय?”

“फेटा राहू द्या! माणसं सकाळपासून बसलीत.”

“रिसालदार आल्याशिवाय उचलणार आहेत का? बसतील.”

शालीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. वनजा दारात रिक्षा थांबवून उभी, आणि आत आरशासमोर हा गृहस्थ फेटा सोडतोय, परत बांधतोय. तीन वेळा. शेवटी तिने तो फेटा ओढून जमिनीवर टाकावा असं तिला वाटलं. टाकला नाही, याची लाज तिला पुढे जन्मभर पुरली.

बोगादीला पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. अंगण धुतलेलं, पाणी अजून वाहत होतं. माणसं अक्कांना घेऊन गेली होती, बायका मागे राहिल्या होत्या. फेटा आणि कोट घातलेले नागोजीराव फाटकात शाल पुढे धरून उभे राहिले, पण ती घ्यायला तिथे कोणी नव्हतं.

सौम्या ओल्या पदराने बाहेर आली. तिने नागोजीरावांकडे पाहिलंच नाही. वनजाला म्हणाली, “एक वाजेपर्यंत थांबलो. पुढं भटजी थांबेनात. पद्मनाभने बाजारातून नवी शाल आणून घातली.” थोडं थांबून तिने सांगितलं, “काल रात्री शुद्धीवर होत्या तेव्हा दोनदा विचारलं. वनजा आली का म्हणून.”

वनजाने काही सांगायचा प्रयत्न केला, पण मी ऐकलं नाही, मी न ऐकताच पुसलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? ती तशीच परतली.

घरी आल्यावर नागोजीरावांनी कोट उतरवला आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. “घे, लिही,” ते म्हणाले. “वरलक्ष्मीबाईंच्या निधनाने समाजाची हानी झाली. रिसालदार घराण्याची पहिली शाल परंपरेप्रमाणे सन्मानाने अर्पण करण्यात आली. खाली माझं नाव.”

“पण आपण पोचलो तेव्हा—”

“दोनशे लोकांना ते काय ठाऊक? लिही.”

वनजाने लिहिलं. तिचा वेग चांगला होता, वेळ लागला नाही.

“पाठवलंस?”

“पाठवलं.”

“वाच बघू.”

तिने फोन लांब धरून शाळेत वाचावं तसं खणखणीत वाचलं. “वरलक्ष्मक्का आज पहाटे गेल्या. त्यांचा निरोप नागोजीरावांच्या फोनवरून पुसला गेला. तो मी पुसला, न ऐकता, कारण अंबाजीरावांचं काहीच राहू द्यायचं नाही असा घरात हुकूम होता. फेटा बांधण्यात आणखी वेळ गेला. आमची शाल पोचली नाही. अक्का माझी वाट बघत गेल्या. या फोनवरून आजवर जे पुसलं ते सगळं मीच पुसलं. वनजा.”

नागोजीरावांचे डोळे उघडले. “पूस ते! वनजा, पूस म्हणतो ना!”

तिने फोन त्यांच्या हातात दिला आणि अंघोळीला निघून गेली. डोक्यावरून पहिला तांब्या ओतला तेव्हा बाहेर ते पद्मनाभला फोन लावून ओरडत होते, मेसेज कसा पुसतात ते आत्ताच्या आत्ता सांग म्हणून. घाईघाईत कुठेतरी बोट लागून स्पीकर सुरू झाला होता, त्यामुळे पद्मनाभचं उत्तर न्हाणीघरापर्यंत नीट ऐकू आलं.

“स्मशानात आहोत, दोड्डप्पा. अंबाजीरावांनी आत्ताच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.”