कोपऱ्याचा टाका

“शेवटचा टाका आपण घालायचा नाही. वीतभर कोपरा उघडा ठेवायचा आणि ज्याची गोधडी त्याच्याच हातून तो शिवून घ्यायचा. विसरलीस तर सुई माझ्याकडे परत दे.”

थोरल्या जाऊबाई असं बोलायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, सुई मात्र गोधड्या शिवणाऱ्या टाकेमावशीकडेच राहिली होती. आणि आज सकाळपासून ते बोलणं तिच्या कानात गुणगुणत होतं. माळ घेऊन बसली तर मणी पुढे सरकायचे, मन तिथेच. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, तर पुन्हा तेच. शेवटी तिने माळ डोळ्यांना लावून ठेवून दिली आणि उगाच घरभर फिरत राहिली. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घातल्या.

“मावशी, बस गं जरा. तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच चक्कर यायला लागली,” भाची म्हणाली. “खरं तर तू आज पाय वर करून बसायला हवंस. कलाकार बाई आहेस!”

कलाकार. या एका शब्दाने तिची झोप उडवली होती.

भाचीच्या ओळखीच्या एक बाई प्रदर्शनं भरवायच्या. त्या एकदा घरी आल्या, खाटेवर पसरलेली गोधडी पाहिली आणि चहा थंड होईपर्यंत बघतच राहिल्या. “मावशी, चित्रकार स्वतःला कलाकार म्हणवतो. तुम्ही रंग जुळवता, आकार कापता, महिनोन्‌महिने टाके घालता, आणि म्हणता काय, तर ‘आम्ही आपल्या गोधड्या शिवतो.’ ही लाज कसली?” ते ऐकून मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, हे खरं.

गोधडी होती गल्लीच्या तोंडावरच्या शिंपीकाकांची. त्यांची बायको गेली तेव्हा त्यांनी तिचे कपडे गाठोडं बांधून आणून दिले होते. थंडी पडायच्या आत गोधडी देईन आणि शेवटचा कोपरा तुमच्याकडून शिवून घेईन, असा शब्द मावशीने दिला होता. काका तेवढ्या दुःखातही म्हणाले होते, “म्हणजे मजुरी तुम्ही घेणार आणि शिवायचं मी!” प्रदर्शनाचं विचारलं तेव्हाही त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “लावा की. मला कुठे घाई आहे?”

मग बाई म्हणाल्या, कोपरा उघडा कसा ठेवायचा, काम अर्धवट वाटेल. आणि खाली तुमचं नाव हवंच. मावशीने तो कोपरा बंद केला. तिथेच लाल दोऱ्याने स्वतःचं नाव काढलं. शाळा सुटल्यापासून कोणी पूर्ण उच्चारलं नव्हतं ते नाव, पूर्णच्या पूर्ण.

दुपारी बाईंचा निरोप आला, प्रदर्शनाच्या हॉलवर या, आनंदाची बातमी आहे. मावशी गेली. बातमी अशी की मोठ्या संग्रहालयाला गोधडी हवी होती. कायमची. उद्या सकाळी त्यांची माणसं न्यायला येणार, फक्त मावशीचा होकार हवा.

“आणि शिंपीकाका?” मावशीने विचारलं.

“त्यांना दुसरी द्या ना शिवून. याहून सुंदर.”

“ते कपडे परत कुठून आणू, बाई?”

बाई काही बोलणार तोच दारातून शिंपीकाकाच आत आले. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून आल्यासारखे ते भिंतीवर टांगलेल्या गोधडीपाशी गेले आणि एका निळ्या तुकड्याकडे त्यांचा हात आपसूक पुढे झाला.

“काका, हात नाही लावायचा,” पहारेकरी म्हणाला.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. शिक्षा झालेल्या पोरासारखे.

“छान दिसतेय हो,” ते मावशीला म्हणाले. “इतकी माणसं तिला जिवंतपणी कधी बघायला आली नव्हती.” मग ते वाकले, कोपरा शोधू लागले. लाल नावापाशी नजर थांबली.

“बंद केलात वाटतं?”

काकांनी खिशातून कागदाच्या चिठोऱ्यावर गुंडाळलेला पिवळा दोरा काढला. “तिच्या मशीनवर राहिला होता. म्हटलं, कोपऱ्यापुरता पुरेल. असू दे. नाव सुरेख काढलंय तुम्ही.” आणि दोरा पुन्हा खिशात गेला.

“तिथे तुमचाच टाका पडणार आहे,” मावशी एकदम म्हणाली. “गोधडी उद्या घरी आणून देते.” बोलून गेली आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो ते.

काकांनी फक्त मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला की सोडून दिलं, ते तिला समजलं नाही. घरी येईपर्यंत तेच तिला कुरतडत राहिलं.

“तुला वेड लागलंय का?” मावशीचा बेत ऐकून भाची कडाडली. “लोक नाव लागावं म्हणून जन्मभर झुरतात!”

“मी नाही झुरले? ते नाव काढताना पोरीसारखी जीभ बाहेर काढून बसले होते. इतका आनंद मला कशाने झाला नव्हता गं.”

“मग?”

“मग काही नाही. जागा दुसऱ्याची होती.”

तिने बाईंना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. सगळं ऐकून बाई दुखावल्या. “कलाकार स्वतःचं काम असं उसवतो का, मावशी?”

“ते मला ठाऊक नाही, बाई. तुम्ही म्हणता तशी मी असेनही. मला ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू? भिंतीसाठी वेगळी करीन. माझ्याच जुन्या कपड्यांची. तिच्यावर नाव एवढं मोठं काढीन की लांबून दिसेल. पण ही मी पांघरायला केली होती, आणि शब्द आधी दिला होता.”

बाई शेवटी म्हणाल्या, “लवकर या. त्यांची माणसं पोचायच्या आत. पहारेकऱ्याला मी सांगून ठेवते. आणि ती दुसरी विसरू नका.”

सकाळी मावशी माळ घेऊन बसली. अर्धी झाली आणि पाय आपोआप उठले. तिने देवाला हात जोडले, राहिलेली वाटेत पुरी करते म्हणाली. पिशवीत छोटी कात्री टाकली, गोधडी गुंडाळायला धुतलेली चादर घेतली, जाऊबाईंची सुई पदराला टोचली. भाची झोपली होती. तिला जाग येऊ नये म्हणून मावशीने चपला हातात धरल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरायला लागली.