भरदुपारी पेटलेली चिमणी

मित्रांनो, मी रॉकेलची एक जुनी चिमणी आहे. सियायाच्या बाजारातल्या पत्रेवाल्याने तुपाच्या रिकाम्या डब्यातून मला कापून, ठोकून काढले. त्या डब्यावरची अर्धी इंग्रजी अक्षरे अजून माझ्या पाठीवर आहेत. माझे इंग्रजी तेवढेच.

तिथून मी एका आजीच्या घरी आले. तिचे माहेर उगेन्याचे, म्हणून गाव तिला अजूनही उगेन्याची लेक म्हणते. जेवणे झाली की पोरे तिच्याभोवती बसत. ती गोष्टी सांगे, मी धूर सोडी. पुढे घरात उन्हावर चालणारा दिवा आला आणि मला आढ्याला टांगले. तक्रार नाही. कोळी बरे शेजारी असतात.

आजीची एक नात, नाव अलुओच, माध्यमिक शाळेत जाई. घरी तोंडाचा पट्टा चालू, इंग्रजीच्या तासाला मात्र तोंडाला कुलूप. नव्या मोठ्या बाई दूरच्या न्येरीकडच्या. आमच्या लुओ भाषेचा त्यांना गंध नव्हता. ही मुलगी या सत्रात इंग्रजीत बोलली नाही तर मागच्या इयत्तेत बसेल, असे त्यांनी बजावले होते. तेव्हा इंग्रजीचे ओदेरा सर घरी आले.

"आजी, वर्गात येऊन एक गोष्ट सांगा. मुलं तीच मग इंग्रजीत सांगतील."

"दिवसाढवळ्या? पोरांची वाढ खुंटेल की रे! तुला कुणीतरी दिवसा सांगितलेली दिसतेय, म्हणून असा बुटका राहिलास."

सर खरेच बुटके होते. हसून म्हणाले, "मग आपण रात्र करू."

दुसऱ्या दिवशी मुलांनी वर्गाच्या खिडक्यांवर मक्याची पोती लावली. आढ्यावरून काढून आणून भरदुपारी मला तिथे पेटवले. आजीने अंधार नीट पारखला, एक फट बुजवायला लावली आणि मगच सुरुवात केली. जावई तरस सासुरवाडीला निघाला. तिथे हावरेपणा दिसू नये म्हणून घरूनच पोटभर जेवून निघाला. वाटेत त्याला मेलेला बैल दिसला.

तेवढ्यात रॉकेलच्या वासाने मोठ्या बाई दार ढकलून आत आल्या. "काय चाललंय हे?" त्यांनी इंग्रजीत विचारले.

आजी कडाडली, "दार लाव, बाई! गोष्ट अर्धी आहे." बाईंना काही कळले नाही, हे मात्र आजीला कळले. "अलुओच, सांग पाहुणीला. गोष्टीत बसलेल्या माणसाला गोष्ट कळू नये, हे मला नाही खपायचं."

सांगायला पुढे आलेले सर मागे सरकले.

अलुओच उठली. "तरस... तरस सासुरवाडीला गेला," ती इंग्रजीत म्हणाली. आजीचे एक वाक्य, मग तिचे एक. लाळेसाठी शब्द सापडेना, तेव्हा तिने तोंडानेच लाळ गाळून दाखवली. वर्ग खदखदला. चुका मागे लागल्या होत्या, पण पोरगी पळत होती. मोठ्या बाई बाकाच्या कडेला टेकल्या होत्या. आजी दम घ्यायला थांबली, तेव्हा त्यांना राहवेना.

"आणि मग?"

अलुओच आजीसाठी थांबलीच नाही. उरलेली गोष्ट तिने एकटीने सांगितली.

शेवटी रीतीप्रमाणे सगळे म्हणाले, "माझ्या मामाच्या दारच्या झाडाएवढा मी उंच होवो!" सर्वांत मोठा आवाज ओदेरा सरांचा होता.

अलुओच मागच्या वर्गात गेली नाही. मी मात्र वर्गातच राहिले, कपाटावर. मित्रांनो, माझी काजळी पुसत जा, वात कापत जा. आणि पोती फाटकी आणू नका. आजी दर वेळी येऊन आधी फटी बघते.