मी कुणाच्या छातीवर होते

मी बोलतेय, करंगळीच्या नखाहून लहान असलेली चिप. शर्मिलाने तीन वर्षं खपून मला आखलं. मुंबईच्या प्रयोगशाळेत, हृदयाचे ठोके टिपणाऱ्या मोठ्या मशीनशेजारी ठेवून पन्नासदा पडताळलं. मी एकदाही चुकले नाही. मग तिने मला एका चिकटपट्टीत बसवलं.

तिचं लग्न झालं आणि पाठोपाठ मीही कापडे गावी तिच्या सासरी आले. सासरे येसाजींचे थोरले भाऊ हृदयाच्या झटक्याने गेलेले, म्हणून तिला सासऱ्यांची काळजी. पण सुनेने सासऱ्याच्या उघड्या छातीला हात कसा लावायचा? तिने मला सासूच्या, आवडीबाईंच्या हातात दिलं. "आई, सात दिवस बाबांच्या छातीवर राहू दे."

ती मुंबईला गेली आणि येसाजी मागे सरले. "मला नाय लावायचं. लावलंय म्हनून सांग."

"नवी सून हाय, नाराज व्हईल," आवडीबाई म्हणाल्या. "मीच लावते. काळजात काय बाप्याचं नि बायचं येगळं असतंय?"

सात दिवस मी आवडीबाईंच्या छातीवर होते. पाण्याचा हंडा घेऊन घराच्या पायऱ्या चढताना ठोके अडखळायचे, मधलाच एखादा गळायचा. मी एकेक नोंदवला.

शर्मिलाने नोंदी पाहिल्या आणि घाबरून येसाजींना महाडला नेलं. डॉक्टर हसले. "यांचं हृदय तरण्या बैलासारखं आहे."

"शिकली सवरलीस आणि माझ्या बापालाच आजारी पाडलंस," नवरा अश्विन म्हणाला. फोनवर प्रयोगशाळेतले तिचे सर म्हणाले, "मग चिपच खोटी. हे डिझाइन सोडून दे."

तिने शेवटचं विचारलं, "बाबा, पट्टी तुमच्याच छातीवर होती ना?"

येसाजींनी बायकोकडे पाहिलं. आवडीबाईंनी पदर सारखा केला. खरं सांगितलं तर ते अडखळणारे ठोके आवडीबाईंचे ठरणार होते.

"व्हय गो," येसाजी म्हणाले.

तेव्हा मला कळलं, माणसं मशीनला किती सहज खोटं पाडतात. ज्यांच्या ठोक्यांशी सात दिवस प्रामाणिक राहिले, त्याही गप्प बसल्या.

आता मी शर्मिलाच्या हिरव्या बांगड्यांच्या डब्यात पडून आहे. बाहेर पायऱ्यांवर हंडा टेकल्याचा आवाज येतो. पूर्वी आवडीबाई वर येऊन टेकवायच्या, हल्ली तिसऱ्या पायरीवरच टेकवतात.

शर्मिला, मला फेकायचं तर फेक. पण त्याआधी एकदा आईंच्या छातीवर लाव. तिथे हात लावायला तुला कुणाची आडकाठी नाही.