जुळाऱ्याची चूक

आपलं पुस्तक निघालं की काय मिळणार, याचा हिशेब बाईंनी कधीच मांडून ठेवला होता. मुखपृष्ठावर नाव. एकवीस वर्षं दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात डोळे घालवलेल्या माणसाला नाव म्हणजे काय, ते ज्यांचं रोज छापून येतं त्यांना कळायचं नाही. शिवाय थोरल्या जावेचं तोंड बंद होणार होतं. "आमची धाकटी छापखान्यात असते," असं ती पाहुण्यांना अशा सुरात सांगायची, की जणू बाई तिथे फरशी पुसतात. जमेच्या बाजूला एवढं होतं. खर्चाची बाजू बाईंनी कोरी सोडली होती, कारण खर्चलेलं काही त्यांचं नव्हतंच.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि शेवटच्या प्रकरणाच्या दिवशीच ते वाचून दाखवणाऱ्या कारकुनाचा घसा बसला.

"बाई, माझा आवाज गेला," तो फुसफुसला. "आजचं टाचणी वाचेल."

"नको नको. उद्या वाचू की."

"मालकांना उद्या मशीनवर चढवायचंय." कारकुनाने गळ्याला रुमाल गुंडाळला आणि हात झटकले.

त्या छापखान्यात प्रूफ दोघांनी तपासायची रीत होती. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने छापलेल्या प्रूफावर नजर ठेवायची आणि चूक दिसली की लाल खूण करायची. वाचणाऱ्याला प्रूफ दिसत नाही, तपासणाऱ्याला हस्तलिखित. शेवटी तपासणाऱ्याने सांगितलेले आकडे वाचणाऱ्याने तळाशी दोन रकान्यांत भरायचे: अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या चुका इतक्या, लेखकाच्या इतक्या. जुळाऱ्याची चूक जुळाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त करायची. लेखकाची लेखकाच्या बिलात जायची.

टाचणी एकोणीस वर्षांची होती. अंगाने तशी, आणि सुटे कागद कधी हरवू द्यायची नाही, म्हणून टाचणी. तीन वर्षं बाईंच्या हाताखाली होती. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता तिने थोडं थोडं करून आपलं सगळं आयुष्य बाईंना सांगितलं होतं. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची. पहाटे इस्पितळाच्या चादरी धुवायला जायची, तिथून शाळा, शाळेतून घर, आणि घरी तीन वर्षांचा भाऊ.

"कुणाला सांगू नका हं, बाई."

"वेडी आहेस का!"

बाईंनी शब्द पाळला. कुणाला सांगितलं नाही. लिहिलं फक्त.

कादंबरीत त्यांनी भावाची बहीण केली, चादरींच्या बाटल्या केल्या आणि नायिकेचे डोळे घारे केले. एवढं केलं की माणूस ओळखू येत नाही, अशी त्यांची समजूत. आधीची सगळी प्रकरणं कारकुनाने वाचली होती, जांभया देत. राहिलं होतं शेवटचं. ते मालकांनी मुद्दाम अप्पांकडे जुळवायला दिलं होतं. "बाईंचं पुस्तक आहे, हात चांगला पाहिजे." अप्पा म्हणजे टाचणीचे वडील. सव्वीस वर्षं खिळे जुळवत होते. बाईंना ते तेव्हा नको होतं, पण त्यांनी स्वतःला समजावलं. जुळारी वाचत नाही, जुळवतो, असं सगळा छापखानाच म्हणायचा. उलटी अक्षरं, एकेक करून. लग्नाची पत्रिका काय नि शोकसंदेश काय, त्याला सारखंच.

टाचणी समोर येऊन बसली. हस्तलिखित नीट करून तिने सुरुवात केली, नेहमीच्या सपाट, चाल नसलेल्या आवाजात. पहिलं पान गेलं. दुसऱ्या पानावर:

"परीक्षेचा पेपर अकराला होता पूर्णविराम. धाकटी झोपली होती पूर्णविराम. उठून रस्त्यावर जाईल स्वल्पविराम म्हणून..."

ती थांबली.

"काय गं?"

"काही नाही. अक्षर लागत नव्हतं."

बाईंचं अक्षर छापखान्यात सगळ्यांत सुवाच्य होतं.

"म्हणून दार ओढून घेऊन ती निघाली पूर्णविराम," टाचणीने पुढचं वाचलं. आवाज चढला नाही, उतरला नाही. धूर आला, शेजारी धावले, दार फोडलं, सगळं विरामचिन्हांसकट आलं. "पुढे सगळे विचारायचे स्वल्पविराम दार उघडलं कसं नाही प्रश्नचिन्ह. ती कुणालाच सांगू शकली नाही पूर्णविराम. कडी तिनेच बाहेरून लावली होती पूर्णविराम."

बाईंची पेन्सिल हवेतच राहिली. प्रूफात ते वाक्य नव्हतं. प्रूफात होतं: *लाकूड फुगून दार अडकलं होतं.*

अक्षर इकडचं तिकडे नाही, मात्रा गळलेली नाही. वाक्यच वेगळं.

हे वाक्य बाईंना पाठ होतं. टाचणीने तेरा वर्षांची असताना, भाऊ आगीत गेला तेव्हा, सगळ्यांना हेच सांगितलं होतं. धुरात आणि फोडाफोडीत कडी कुणी पाहिली नव्हती, आणि ते दार ओलीत फुगायचं हे तर खरंच होतं. अप्पा दोन महिने म्हणत होते, एकदा रंधा मारायला हवा. तो मारायचा राहिला. सहा वर्षं, मध्येच कधीतरी, खिळे धुता धुता अप्पा म्हणायचे, "रंधा मारायचा राहिला हो." आणि छापखान्यातला जो तो आपल्या कामात डोकं घालायचा.

म्हणजे अप्पांनी वाचलं होतं. सहा वर्षं पाठीवर वाहिलेलं ओझं आपलं नव्हतंच, हे त्यांना बाईंच्या सुवाच्य अक्षरात कळलं होतं. आणि कळल्यावर त्या माणसाने काय केलं? ते ओझं उचलून पुन्हा आपल्याच पाठीवर घेतलं होतं, एकेक खिळा लावून.

"बाई, जुळलं?"

"जुळलं," बाई म्हणाल्या. "पुढे चल."

शेवटी टाचणीने आकडे लिहिले: जुळारी, दोन. लेखक, शून्य. उठताना म्हणाली, "डोळे घारे केलेत मुलीचे. छान दिसतात."

"टाचणी, अगं ऐक..."

"बाबांनी जुळवलंय ना हे?"

"जुळारी वाचत नाही गं."

"हो," ती म्हणाली. "बाबाही तसंच म्हणतात." आणि त्या एका आधाराला धरून ती बाहेर गेली.

बाई प्रूफ घेऊन बसल्या. तसंच सोडलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पुस्तकाचं बिघडलं असतं. चौदा प्रकरणं ज्या एका वाक्यावर येऊन टेकतात तेच काढलं, तर उरतं काय? एक वाईट दार. सुताराची गोष्ट. बाईंनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला, आणि वाद घालणारे दोघंही एकाच बाजूचे असले की निकालाला वेळ लागत नाही. त्यांना नियम आठवला. हस्तलिखितात आहे ते प्रूफात नाही, म्हणजे चूक. मी थोडीच केली?

त्यांनी लाल रेघ मारली, समासात मूळ वाक्य लिहिलं, तळाच्या दोनाचे तीन केले, आणि अप्पा हात धुवायला गेलेले पाहून प्रूफ त्यांच्या खिळ्यांच्या खणांवर ठेवून आल्या.

अप्पाच मागोमाग आले. हात अजून ओले होते.

"बाई, ही तिसरी माझी?"

"मूळ मजकुरात तसं नाहीये, अप्पा."

"नाही ना?" अप्पांनी कागद लांब धरून पाहिला. "डोळे गेले बघा आता. काहीतरीच दिसतं."

"मालकांना सांगू का? दुसऱ्या कुणाकडून..."

"छे छे. माझी चूक, मीच काढणार."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. बाई काचेआडून बघत होत्या. एरवी खणांवरून अप्पांचा हात कोंबडीने दाणे टिपावेत तसा चालायचा. त्या एका ओळीला त्याला बराच वेळ लागला.

दुसरं प्रूफ आपणच बघायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. पण दुसरं प्रूफ पहिल्याशी ताडून बघायचं काम वाचणाऱ्याचं, आणि मालक रीतीचे पक्के. बाई चहा घेऊन येईपर्यंत दोन्ही कागद टाचणीच्या पुढ्यात होते. डाव्या हाताला बापाचं वाक्य, त्यावर लाल रेघ, शेजारी बाईंचं अक्षर. उजव्या हाताला काळ्या शाईत तिचं स्वतःचं वाक्य, बापाने जुळवलेलं, एकही चूक नसलेलं.

तिने वर बाईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. ती कागदाच्या तळाशी काहीतरी लिहून उठली आणि जुळणीच्या खोलीत गेली. बाईंना काचेआडून ऐकू येत होतं.

"बाबा, जेवलात?"

"नाही. तू?"

"नाही."

"मग बस की. उभी काय राहिलीस?"

अप्पांनी एका स्टुलावरचे जुने ठसे खाली ठेवले आणि वरची धूळ बाहीने पुसली. ती बसली. मग अप्पांनी डबा उघडला. दोघं बराच वेळ जेवली. मध्येच एकदा अप्पांनी आपला शाईचा हात तिच्या डोक्यावर ठेवायला उचलला, हाताकडे पाहिलं, आणि उलटा करून, मनगटाने, तिचं डोकं जरासं दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून टाचणी आली नाही. अप्पा आले. रंध्याचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर नाव ठसठशीत आलं. लोकांनी ते एक वाक्य एकमेकांना वाचून दाखवलं. थोरली जाऊ पाहुण्यांना म्हणाली, "आमची धाकटी लेखिका आहे हो," आणि बाईंना त्या वेळी फरशी पुसायला दिली असती तरी चाललं असतं.

महिनाअखेरीस मालक बिल करायला बसले. दुसऱ्या प्रूफाचा तळ त्यांनी चष्म्याजवळ नेला.

"हे काय लिहून गेलीय पोरगी? जुळारी, शून्य. लेखक, एक. तुमची कुठे चूक होती, बाई?"

"आहे ती. लावा बिलात."

"एका ओळीचं काय लावायचं? घरचं पुस्तक. आणि हा तिसरा रकाना कसला?"

टाचणीने पट्टी धरून पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला होता. त्यात लिहिलं होतं: वाचणारी, एक.

"असा रकाना आपल्याकडे नसतो," मालक म्हणाले आणि त्यांनी रबर घेतला.

"निदान माझी तरी लावा, मालक. एका ओळीची."

"सोडा हो!" मालक हसले. त्यांनी रबराचा चुरा फुंकून टाकला, लेखकाच्या रकान्यातल्या एकावर काट मारली आणि बिल बाईंच्या हातात दिलं. त्यात त्यांच्या नावावर काहीच लागलेलं नव्हतं.