कार्डावरचं कुंकू

छुम्.

एवढाच आवाज झाला, तरी मी दचकून मागं बघितलं. तेजूनं झोपेत पाय हलवला होता. तिच्या उजव्या पैंजणाला एकच घुंगरू उरलंय, तेवढं वाजलं. पोरगी बालवाडीतनं आली की जेवून झोपते, आणि ती झोपली की माझं ऑफिस सुरू होतं. कूस बदलून ती परत गाढ झाली. मी स्क्रीनकडं वळले.

पुण्यातल्या कुणाच्यातरी फ्लॅटचं स्वयंपाकघर स्क्रीनवर हळूहळू उमटत होतं. न बांधलेली घरं बांधल्यासारखी दाखवायची, हे माझं काम. ओटा आला होता, फडताळं आली होती, खिडकीतलं ऊन अजून यायचं होतं. मी माउसला हातसुद्धा लावत नव्हते. हे चित्र संध्याकाळच्या आत पूर्ण होऊन पुण्याला गेलं, तर मी इथंच गावात, गडमुडशिंगीत, या घरात बसून काम करत राहणार होते. नाही गेलं, तर सोमवारपासून मी पुण्याच्या ऑफिसात आणि तेजू इथं.

सकाळीच प्रियदर्शनी मॅडमचा फोन येऊन गेला होता. माझ्या वरिष्ठ. बाई वाईट नाहीत.

"वर्षाराणी, तुझं मशीन हँग होतंय हे मी वरती किती वेळा सांगू गं? आज फाइल दे, नाहीतर सरळ इकडं ये. इथली मशीनं तरी चालतात."

काम सोडायची सोय नाही. माझे मिस्टर उदयसिंह यांचा उजवा हात फौंड्रीत यंत्रात सापडला, तेव्हापासून हे घर माझ्या टेबलावर उभं आहे. ते तेजूला सांभाळतील, त्याची काळजी नाही. तिची रिबीन ते डाव्या हातानं आणि दातांनी बांधायला शिकलेत. पण रात्री ती माझा कान धरल्याशिवाय झोपत नाही, त्याचं काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

हे सगळं एका कार्डापायी. जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्रं काढणारा भाग, माझ्या मोठ्या फायलींना पुरत नव्हतं. नवीन मागवलं, ते नेमकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, पाटावर हत्यारं मांडली. विळे, खुरपी, कुऱ्हाड, ह्यांचे नटबोल्ट आवळायचे पाने. पान्यांना कित्येक महिन्यांत हात लागला नव्हता, तरी आत्यांनी घासून लख्ख केलेले. सगळं मांडून झालं आणि त्यांनी हाक मारली.

"वर्षा, तुजं हत्यार कुटं हाय गं?"

लग्न होऊन आल्यापासून त्या माझ्या कामाला 'बटणं दाबायचं' म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा हत्यार म्हणाल्या. टेबलावरच्या कॉम्प्युटरला एक फूल वाहिलं असतं तरी चाललं असतं. पण मला राहवलंच नाही. नवं कोरं कार्ड खोक्यातून काढलं आणि नेऊन विळ्याशेजारी पाटावर ठेवलं.

"आज्जी, मी लावतो!" तेजू धावली. आमच्याकडं पोरीसुद्धा येतो, जातो, करतोच म्हणतात. घरातनं कुणी बाई निघाली की तिला हळदीकुंकू लावायचा मान तेजूनं आपणहून घेतलाय, त्यामुळं करंडा तिच्याच ताब्यात असतो. कार्डाच्या कडेला सोनेरी दात असतात, ते आतल्या खाचेत, स्लॉटमध्ये बसतात. तिला तेच आवडले. एकेक दात शोधून तिनं हळद लावली, वर कुंकू. आत्यांनी फुलानं पाणी शिंपडलं, झेंडू ठेवला आणि म्हणाल्या, "हिच्या हाताला यश दे रं बाबा."

मी फोटो काढला. मग ओढणीनं कार्ड पुसलं आणि बसवलं.

दसऱ्याला पहिल्यांदा हँग झालं. सोनं लुटून परत आले तर स्क्रीनवरचा माउसचा बाण जागच्या जागी थिजलेला. मग रोजचंच झालं. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून परत टाकला. जुना ड्रायव्हर टाकून बघितला. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला. रॅम काढून, फुंकर मारून परत बसवली. प्रत्येक उपायानंतर थोडा वेळ चालायचं, आणि तेवढ्यात जीव आशेला लागायचा. जुनं कार्ड घातलं की हँग व्हायचं थांबे, पण त्यात माझी फाइलच उघडत नसे.

शेवटी काल कॅबिनेट वाकळेत गुंडाळलं, तेजूला बरोबर घेतलं आणि बसनं शहरात, शिवाजी पेठेत, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या संग्रामच्या दुकानी गेले. बसमध्ये शेजारची म्हातारी म्हणाली, "लेकरू हाय व्हय गं वाकळंत? त्वांड तरी उघडं ठेव की!"

"न्हाय," तेजू म्हणाली, "आईचं हत्यार हाय."

संग्रामनं पॉवर सप्लाय बदलून बघितला, तरी हँग. मग कार्ड उपसलं आणि बॅटरीच्या उजेडात धरलं.

"वैनी, ह्यो लाल गाळ कसला?"

"खंडेनवमी," मी म्हणाले.

त्याला हसू आवरेना. "लोकं मॉनिटरला हार घालत्यात, कीबोर्डावर अक्षता टाकत्यात. पर कार्डाला आंघोळ घालून मळवट भरणारी तुमीच पयली!"

त्यानं खोडरबरनं दात घासले, स्पिरिटनं स्लॉट पुसला. वॉरंटीत बदलून मिळेल का, मी विचारलं.

"डाग बघितला की दारातनंच परत लावत्यात. वॉरंटी गेली समजा."

"पण कुंकवानंच झालं का हे?"

"आता काय सांगू वैनी? झालं बी असंल. न्हायतर कार्ड मुळातच किडकं असंल, तुमच्या बोर्डाला सोसत नसंल. चाललं तर चाललं बघा."

तेजू काउंटरखाली बसून पैंजणाशी खेळत होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

काल रात्री चाललं. आज सकाळी चाललं. आणि आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन यायला लागलं. ओट्याच्या कडेवर एक पिवळी रेघ उतरली, फरशीकडं निघाली.

रेघ फरशीपर्यंत पोचली नाही.

थोडा वेळ मी मानायलाच तयार नव्हते. मग बघितलं, तर स्क्रीनवरचं घड्याळ थांबलं होतं आणि भिंतीवरचं पुढं गेलं होतं. बटण दाबून बंद केलं, चालू केलं, पुन्हा सुरुवात केली. या खेपेला फडताळंसुद्धा आली नाहीत.

आत्या गोठ्यातनं आल्या, शेणाचे हात तसेच धरून दारात थांबल्या.

"झालं?"

"नाही, आत्या."

त्यांनी त्या थिजलेल्या चित्राकडं बघितलं. "मीच इचारलं, तुजं हत्यार कुटं हाय म्हणून. उगंच इचारलं बघ."

"असं नका म्हणू," मी म्हणाले. त्यांनी विचारलं त्याचा मला किती आनंद झाला होता, ते सांगायचं होतं. पण त्या हात धुवायला मागं गेल्या होत्या.

मी मॅडमना मेसेज केला: सोमवारी येते. उदयसिंहांनी स्टुलावर चढून एका हातानं माळ्यावरची बॅग ओढली, धूळ झटकली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

छुम्.

तेजू उठून माझ्यामागं उभी होती. केस कपाळावर चिकटलेले, गालावर वाकळेची वळी उमटलेली. तिनं बॅगेकडं बघितलं, मग बंद स्क्रीनकडं. देव्हाऱ्याशी गेली आणि करंडा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. झाकण उघडलं, बोट आत घालायला गेली आणि कुंकवाला टेकायच्या आधीच थांबली.

"आई," ती म्हणाली, "सोमवारी जाताना तुला कुंकू लावू, का नको?"