चुकता न येणारी संख्या

चाळीस वर्षं मी रबरी शिक्के कोरतोय. शिक्क्याची अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. म्हणून नमुन्याचा पातळ कागद शाईची बाजू खाली करून चिकटवायचा, हे हाताला आता सांगावं लागत नाही. त्या मेल्या हातानेच घात केला!

माझी थोरली बहीण गणिताची प्राध्यापक. आज ती निवृत्त होणार होती. अकरा वर्षं खपून ताईने एक एक्केचाळीस अंकी मूळ संख्या शोधली होती, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. तिच्या विद्यार्थ्यांनी ती पितळी पाटीवर कोरायला माझ्याकडे दिली. समारंभ पाचला. मला गणितात पास करायला ताईने जिवाचं रान केलं होतं आणि मी इमानेइतबारे नापास होत राहिलो. निदान तिची ही संख्या तरी माझ्या हातून चुकू नये, एवढंच मागणं होतं.

तीन वाजता कोरून झालं. कागद सोलला आणि बघतो तर काय? शाईची बाजू खाली! अरे गाढवा, ही पाटी आहे, शिक्का नाही! दुसरं पितळ नव्हतं, वेळही नव्हता. मी कपाळाला हात लावून बसलो.

तेवढ्यात ताई दारात हजर. "राहवलं नाही रे. दाखव बघू."

"ताई, मी माती खाल्ली. सगळी संख्या उलटी कोरली, आरशात दिसते तशी."

तिने चष्मा लावला, पाटीवरून बोट फिरवलं आणि हसत सुटली.

माझं डोकंच फिरलं. "हसतेस काय? इथे माझा जीव चाललाय!"

"तुझा आरसा आण, ढब्बू."

शिक्के तपासायचा आरसा मी पाटीसमोर धरला. आरशातही तीच संख्या. मूळ कागद शेजारी ठेवला. तीच!

"नुसते 1, 0 आणि 8 आहेत," ताई म्हणाली. "1 म्हणजे उभी काडी. यातलं काहीच आरशात बदलत नाही. आणि ओळ डावीकडून वाच की उजवीकडून, सारखीच."

हुश्श! जीव भांड्यात पडला. मी स्टुलावर मटकन बसलो. "नशीब माझं!"

"नशीब कसलं डोंबलाचं? लहानपणी तू आकडे उलटे लिहायचास आणि मार खायचास. म्हणून मी तुला 101, 181 असल्या मूळ संख्या लिहायला द्यायचे. उलट्या लिहिल्यास तरी बरोबरच. तेव्हा लागलेला नाद आहे हा. तुला चुकताच येणार नाही अशी मोठ्यात मोठी संख्या शोधत होते."

मी पाटी पुसायला फडकं उचललं आणि त्यानेच डोळे पुसले.

"अरे, पॉलिश लागलं तोंडाला," ताई म्हणाली. "धू आधी. पाचला पोचायचंय."